दुबळेपणा पायांत, मूळ छातीत!

समजा, पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी आहेत. तीस वर्षांपासून विडीची सवय. गेल्या दोन महिन्यांत त्यांना एक नवीच अडचण जाणवू लागली आहे. सकाळी उकिडवे बसले की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येत नाही. एस.टी.ची पहिली पायरी चढताना दांडी धरून अंग वर ओढावे लागते. तोंड सारखे कोरडे पडते, शौचास साफ होत नाही. दुखत मात्र काहीच नाही. घरचे म्हणतात, "वय झालं, आता असं व्हायचंच." मग ताकदीची इंजेक्शने होतात, एखादी सलाईन लावली जाते. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. पुढे कंबरेचा एक्स-रे निघतो, त्यात मणक्यांची झीज दिसते. या वयात ती पुष्कळांना असतेच. कंबरेला पट्टा बांधून आणखी दोन महिने जातात.

अशा माणसाचे मूळ दुखणे पायांत नसते आणि कंबरेतही नसते. ते छातीत, फुप्फुसात दडलेले असू शकते. फुप्फुसात कर्करोगाची छोटीशी गाठ असते. खोकला नाही, थुंकीतून रक्त नाही, छातीत दुखणे नाही. तरीही त्या गाठीमुळे पायांची ताकद जाते. कर्करोग पायांत पसरलेला नसतो, मज्जातंतूवर गाठीचा दाबही नसतो. मग हे होते कसे? आज आपण या विषयाची माहिती करून घेऊ.

राखणदाराची चूक

आपल्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती नावाची राखण असते. बाहेरून आलेले जंतू ओळखायचे आणि त्यांचा नाश करायचा हे तिचे काम. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, ही तिची हत्यारे. ही राखण केवळ जंतूंवरच नव्हे, तर कर्करोगाच्या पेशींवरही हल्ला करते.

काही कर्करोगांच्या पेशी अशी काही प्रथिने तयार करतात, की जी एरवी फक्त मज्जातंतूंत किंवा मेंदूत असतात. प्रतिकारशक्ती ती प्रथिने पाहते, त्यांना शत्रू ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध हत्यारे बनवते. ही हत्यारे गाठीवर तर चालून जातातच, पण तसेच प्रथिन असलेल्या निरोगी मज्जातंतूंवरही चालून जातात. खुरपणी करताना तण आणि रोप सारखेच दिसत असेल, तर तणाबरोबर रोपही खुरप्याखाली यावे, तसाच हा प्रकार.

या विकारांना वैद्यकात 'पॅरानिओप्लास्टिक' विकार म्हणतात. म्हणजे कर्करोगाच्या सोबतीने येणारे, परंतु कर्करोगाच्या थेट आक्रमणामुळे न होणारे विकार. ते दुर्मीळ आहेत. कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एकालाही असा मज्जातंतूंचा गंभीर विकार होत नाही. तरीही त्यांची माहिती हवी, याचे कारण एकच. अर्ध्याहून अधिक रुग्णांत हा विकार आधी दिसतो आणि कर्करोगाचे निदान नंतर होते. म्हणजे ही दडलेल्या कर्करोगाची पूर्वसूचना असते. ती वेळेवर ओळखली, तर गाठ लहान असतानाच सापडण्याची संधी मिळते.

शोधाची कहाणी

डेनी-ब्राऊन या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९४८ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती. मृत्यूनंतरच्या तपासणीत मज्जारज्जूच्या लगतच्या, संवेदना वाहून नेणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांची हानी झालेली आढळली. पुढे १९५३ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी फुप्फुसात गाठ असलेल्या एका रुग्णाची हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी स्नायू सैल करणारे औषध दिल्यावर या रुग्णाचा श्वास नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ बंद राहिला होता. त्याच्या स्नायूंत आधीपासूनच अशक्तपणा होता.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये लॅम्बर्ट, ईटन आणि रूक यांनी १९५६ साली विजेच्या तपासणीने या अशक्तपणाची वेगळी ओळख पटवली. आजही तो 'लॅम्बर्ट-ईटन विकार' या नावाने ओळखला जातो. हा प्रतिकारशक्तीचा विकार असल्याचा पुरावा इंग्लंडमधील न्यूसम-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दिला. रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता उंदरांच्या मज्जातंतू व स्नायूंच्या जोडात तोच दोष निर्माण झाला.

लॅम्बर्ट-ईटन विकार

आपण पाऊल उचलायचे ठरवतो, तेव्हा मज्जातंतूतून विजेसारखा संदेश स्नायूपर्यंत येतो. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. संदेश येताच ती उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि 'ॲसिटिलकोलीन' हे रसायन बाहेर पडते. ते स्नायूवर पोचले की स्नायू आकुंचन पावतो.

फुप्फुसाचा 'स्मॉल सेल' नावाचा एक कर्करोग आहे. तो जवळजवळ नेहमीच विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो. त्याच्या पेशींवरही अशीच कॅल्शियमची दारे असतात. प्रतिकारशक्ती या दारांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. मग मज्जातंतूच्या टोकावरची दारेही निकामी होतात, रसायन पुरेसे सुटत नाही आणि स्नायूला हुकूमच मिळत नाही.

अशक्तपणा प्रथम मांड्या आणि नितंबांत येतो, नंतर खांद्यांत. उकिडवे बसून उठणे, जिना चढणे, डोक्यावर भारा घेणे कठीण होते. हेच रसायन लाळ, आतडी आणि जननेंद्रियांच्या मज्जातंतूंतही काम करते. म्हणून तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, पुरुषांत नपुंसकत्व येते. ही शेवटची तक्रार पुरुष संकोचाने सांगत नाहीत, आणि निदानाचा एक धागा हातचा जातो.

या विकाराची एक खूण आहे. काही सेकंद जोर लावला, की ताकद थोडा वेळ वाढते. वारंवार संदेश आल्याने मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम साठते आणि रसायन जास्त सुटते, म्हणून असे होते. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडत नाही. दहा सेकंद पाय जोराने ताणायला लावून पुन्हा हातोडी मारली, तर तोच पाय उडतो. पैसा न लागणारी ही तपासणी फार मोलाची आहे.

लॅम्बर्ट-ईटनच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोग सापडतो. उरलेल्यांत कर्करोग नसतो, केवळ प्रतिकारशक्तीचाच दोष असतो.

पापण्या जड होणे

दुसरा विकार 'मायस्थेनिया ग्रेव्हिस'. येथे रसायन पुरेसे सुटते, पण ते झेलणारी स्नायूवरची केंद्रे प्रतिपिंडांनी अडवलेली असतात. याची तऱ्हा लॅम्बर्ट-ईटनच्या उलट आहे. स्नायू जितका वापराल, तितका तो थकतो. सकाळी माणूस ठीक असतो. संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो.

बहुसंख्य रुग्णांत याचा गाठीशी संबंध नसतो. परंतु १० ते १५ टक्के रुग्णांत छातीच्या मधल्या हाडामागील थायमस ग्रंथीत गाठ असते. म्हणून मायस्थेनियाचे निदान झालेल्या प्रत्येकाने छातीचा सी.टी. स्कॅन करून घ्यावा. गाठ असल्यास शस्त्रक्रियेने काढतात. गिळताना ठसका लागणे किंवा श्वास अपुरा पडणे ही मात्र धोक्याची खूण होय. अशा वेळी रात्र घरी काढू नये, लगेच मोठे रुग्णालय गाठावे.

त्वचेवरचे चट्टे आणि दुबळे स्नायू

'डर्मॅटोमायोसायटिस' या विकारात स्नायू आणि त्वचा या दोहोंना सूज येते. केस विंचरताना हात वर राहत नाही, जमिनीवरून उठवत नाही. वरच्या पापण्यांवर जांभळट झाक येते, बोटांच्या सांध्यांवर लालसर खवले उमटतात. गळ्याच्या खालचा उन्हात उघडा राहणारा भाग लाल होतो. पुष्कळदा त्वचेवर ॲलर्जीचे मलम आणि अंगदुखीवर वेदनाशामक गोळ्या असे दोन वेगळे उपचार चालू राहतात. दोन्ही तक्रारी एकाच रोगाच्या आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रौढ वयातील अशा रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांत कर्करोग आढळतो. स्त्रियांत बीजकोश व स्तन, तसेच फुप्फुस, जठर, आतडे यांचा तपास करावा लागतो. धोका पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतो आणि पुढील दोन वर्षेही लक्ष ठेवावे लागते. लहान मुलांनाही हा विकार होतो, पण त्यांच्यात त्याचा कर्करोगाशी सहसा संबंध नसतो.

मज्जातंतू आणि लहान मेंदू

डेनी-ब्राऊन यांनी वर्णिलेल्या विकारात हातापायांना मुंग्या, जळजळ आणि बधिरपणा येतो. तो काही आठवड्यांत वाढत जातो. बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखा नसतो आणि हातांतही लवकर सुरू होतो. पाऊल कुठे पडते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. अंधारात चालताना झोक जातो. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. न्यूयॉर्कमधील जेरोम पोस्नर यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये अशा रुग्णांतील एक प्रतिपिंड शोधले. रुग्णाच्या आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून त्याला 'अँटी-हू' असे नाव मिळाले. याही विकारामागे बहुधा फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोगच असतो.

पन्नाशी-साठीतील एखादी स्त्री महिन्याभरात दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालू लागते, बोलणे जड होते, हातातला कप हिंदकळतो. लहान मेंदूच्या अशा झपाट्याने होणाऱ्या ऱ्हासामागे 'अँटी-यो' हे प्रतिपिंड आढळल्यास बीजकोशाचा किंवा स्तनाचा कर्करोग कसून शोधावा लागतो.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक विकार सांगितलाच पाहिजे. तो स्नायूंचा नसून मेंदूचा आहे. २००७ साली जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. चांगली शिकणारी, काम करणारी मुलगी काही दिवसांत भ्रमिष्टासारखी वागू लागते, झोप उडते, झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात. काहींच्या बीजकोशात 'टेराटोमा' नावाची गाठ असते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण तिच्यात मेंदूसारखा पेशीसमूह असल्याने प्रतिकारशक्तीची तीच चूक होते. गाठ काढून उपचार केले, तर बहुतेक रुग्ण सावरतात. अशा मुलीला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेण्यात दिवस घालवणे तिच्या जिवावर बेतू शकते.

वेळ एवढी महत्त्वाची का?

वरील विकारांचे दोन गट पडतात, आणि हा फरक वाचकांनी नीट समजून घ्यावा. लॅम्बर्ट-ईटन आणि मायस्थेनियात प्रतिपिंडे पेशीच्या बाहेरील दारांवर किंवा केंद्रांवर बसतात. पेशी जिवंत असते. प्रतिपिंडे कमी केली, की काम पुन्हा सुरू होऊ शकते. घराच्या दाराला कोणी कुलूप घातले, तर ते उघडता येते.

अँटी-हू आणि अँटी-यो असलेल्या विकारांत मात्र पांढऱ्या पेशीच मज्जापेशींना ठार करतात. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. येथे उपचाराने गेलेले परत आणणे क्वचितच जमते, उरलेले राखणे एवढेच हाती असते. चालता येत असताना रुग्ण आला, तर त्याचे चालणे टिकवता येण्याची आशा असते. अंथरुणाला खिळल्यावर आला, तर ती फार थोडी उरते. म्हणूनच टॉनिकमध्ये आणि पट्ट्यात गेलेले दोन महिने परवडत नाहीत.

तपासण्या

निदानासाठी मज्जाविकारतज्ज्ञांकडे जावे. नर्व्ह कंडक्शन आणि ई.एम.जी. या विजेच्या तपासण्यांनी दोष मज्जातंतूत आहे, स्नायूत आहे की दोहोंच्या जोडात, हे कळते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. अहवाल निर्दोष आला तरी रोग नाहीच असे होत नाही.

छातीच्या साध्या एक-रेत लहान गाठ सुटू शकते, म्हणून सी.टी. स्कॅन करतात. त्यातही काही न सापडल्यास शरीरभराचा पेट स्कॅन उपयोगी पडतो. पहिल्या खेपेस गाठ सापडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. लॅम्बर्ट-ईटनच्या रुग्णाने, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याने, दोन वर्षेपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

उपचार

मूळ उपचार कर्करोगाचा. शस्त्रक्रिया, औषधे किंवा किरणोपचाराने गाठ आटोक्यात आली, की प्रतिकारशक्तीला चिथावणी देणारे कारणच कमी होते. जोडीला स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दडपणारी इतर औषधे देतात. गरजेनुसार शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा यंत्राद्वारे रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे काढून टाकतात. लॅम्बर्ट-ईटनसाठी अमिफॅम्प्रिडीन हे औषध आहे. त्याने रसायन सुटण्यास मदत होते आणि पायांत बळ येते. अमेरिकेत २०१८ मध्ये त्यास मान्यता मिळाली.

हे उपचार खर्चिक आहेत हे खरे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी केल्याशिवाय जमीन किंवा दागिने विकण्याचा निर्णय घेऊ नये.

दोन सूचना महत्त्वाच्या. निदानापूर्वी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. तात्पुरते बरे वाटते आणि रोगाची खूण पुसली जाते. तसेच मायस्थेनिया किंवा लॅम्बर्ट-ईटन असलेल्या रुग्णाने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियमही या रुग्णांना बाधू शकते.

नव्या औषधांची दुसरी बाजू

कर्करोगावर अलीकडे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब अशी औषधे आली आहेत. प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करून तिला गाठीवर सोडायचे, हे त्यांचे तत्त्व. या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण लगाम सैल झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच स्नायूंवर चाल करून जाते. ही औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या पापण्या उतरू लागल्या, मान धरवेना, दम लागू लागला किंवा छातीत धडधड होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. हृदयाच्या स्नायूलाही सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

घाबरू नका, पण दुर्लक्षही नको

हे वाचून ज्यांच्या पायांना मुंग्या येतात अशा प्रत्येकाने आपल्याला कर्करोग झाला असे समजू नये. पायांच्या मुंग्या बहुतेक वेळा मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दबलेली नस यांमुळे येतात. स्नायूंचा अशक्तपणा थायरॉइडच्या दोषाने, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा एखाद्या औषधानेही येतो. ही साधी कारणे आधी तपासावीत. मधुमेहाचा बधिरपणा पावलांपासून, दोन्हीकडे सारखा आणि वर्षानुवर्षे हळूहळू चढतो.

शंका घ्यावी ती पुढील परिस्थितीत :

अशक्तपणा, बधिरपणा किंवा तोल जाणे नवीन आहे आणि आठवड्या-आठवड्याला वाढत आहे.

वय पन्नाशीच्या पुढे आहे, किंवा विडी-सिगारेटची सवय आहे अथवा पूर्वी होती.

कारण नसताना वजन घटले आहे.

अशक्तपणासोबत तोंडाला कोरड, नव्याने बद्धकोष्ठ, पापण्यांवर जांभळट चट्टे किंवा गिळण्यास त्रास आहे.

ब-१२ ची इंजेक्शने आणि इतर उपचार योग्य प्रकारे घेऊनही महिन्याभरात फरक नाही.

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पाय लुळे पडले, तर तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तारखा लिहून न्याव्यात : त्रास केव्हा सुरू झाला, जिना चढणे केव्हापासून जड गेले, वजन पूर्वी किती होते, आता किती आहे. विडी, सिगारेट, तंबाखू किती वर्षे, हे न लपवता सांगावे. सुरुवातीस सांगितलेल्या शेतकऱ्याने हे पहिल्याच महिन्यात केले असते, तर हातोडीच्या दोन ठोक्यांनी डॉक्टरांना शंका आली असती आणि कंबरेऐवजी छातीचे चित्र निघाले असते. असा कर्करोग सोपा नाही. तरीही लॅम्बर्ट-ईटन विकारासह आढळलेल्या स्मॉल सेल कर्करोगाचे रुग्ण, तो विकार नसलेल्या रुग्णांपेक्षा सरासरीने जास्त काळ जगतात असे दिसून आले आहे. गाठ लवकर लक्षात येणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

आपल्या घरात कोणी वडीलधारे माणूस अलीकडे जमिनीवरून उठताना भिंत धरू लागले असेल, तर "वय झालं" म्हणण्यापूर्वी एवढेच विचारा : "हे केव्हापासून?" उत्तर काही वर्षांचे आले, तर सवडीने तपासणी करा. उत्तर दोन महिन्यांचे आले, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.